शीर चढत नसते, पोरांनो

हळदीचं पोतं उचलताना खांदा धरला की शीर चढली. तालमीत घोटा मुरगळला की शीर चढली. आपल्या अख्ख्या केम गावात एकच निदान! शीर ही रक्ताची वाट, ती कुठं चढायची?

आत दोन जिन्नस आहेत. हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध, डॉक्टरांचं लिगामेंट. मांसाला हाडाशी जोडते ती कंडरा, म्हणजे टेंडन. टाचेच्या वर मागं चिमटीत धरा आणि चवडा वरखाली करा. बोटांत ताणते, ढिली पडते ती कंडरा. अस्थिबंध असा हाती लागत नाही, तो सांध्याला चिकटून बसलेला.

घोळ पुस्तकांनीही घातलाय. शाळेत स्नायू म्हणजे मांसपेशी. सुश्रुताचे स्नायू मात्र बांधणारे. ते तो 900 मोजतो, कंडरा 16. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की होडी भार पेलते, तसं शरीर स्नायूंवर, असं त्याचं म्हणणं. तेव्हा वैद्य ‘स्नायू दुखावला’ म्हणाले तर कुठला, ते विचारा. लाजू नका.

स्वतः जोर लावला की कळ, दुसऱ्यानं अलगद हलवलं तर फारशी नाही, असं असेल तर संशय कंडरेवर. दुसऱ्यानं सांधा एका बाजूला कलवताच कळ आली किंवा सांधा डगडगला, तर अस्थिबंधावर. पाय आत वळून मुरगळला की बहुधा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंधच जातो.

पहिले दोन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. फडक्यात बर्फ, पंधरा-वीस मिनिटं, मग पट्टी बांधून पाय उशीवर. आणि गाव कुंकवाचं म्हणून कारखान्यातली रंग कालवलेली पूड लेपाला आणू नका, कातडी जाईल. चार पावलंही टाकवेनात तर एक्सरे काढायचाच.

पळताना मागून कुणी लाथ घातली असं वाटलं, वळून बघावं तर मागं कुणीच नाही, तर गडबड मोठी आहे. गड्याला पालथा निजवा, पावलं खाटेबाहेर. पोटरी दाबा. पाऊल हललं नाही तर टाचेची कंडरा तुटलीय. ‘लंगडत चालतोय की’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडं न्या. एक्सरेत हाड धड दिसलं म्हणून परतही आणू नका, साध्या एक्सरेत कंडरेची मोडतोड कळत नाही.