ग्रंथालय संघाचें कार्य आणि विद्यार्थ्यांचें कर्तव्य



ता. ४ सप्टेंबर १८६३ ची गोष्ट आहे. सुमारें अठरा वर्षें नागपुरांत विद्यादानाचें काम केलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून रात्रीं घोड्यावरून परत येत होते. वाटेंत ओढ्यास पूर आला होता. त्यांत सांपडून ते मरण पावले. या प्रांतांतील खडक, जीवाश्म आणि आदिवासी लोकांच्या भाषा यांचा त्यांनीं अनेक वर्षें कसून अभ्यास केला होता. गोंड लोकांचें लिंगोगीत पिढ्यानपिढ्या केवळ मुखोद्गत चालत आलें होतें. तें त्यांनीं लिहून घेतलें होतें. हिस्लॉप गेले, परंतु त्यांचे कागद राहिले. मध्यप्रांताचे त्या वेळचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीं ते जुळवून १८६६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. म्हणूनच दीडशें वर्षें लोटलीं तरी तें गीत अभ्यासकास वाचावयास मिळतें.

पुराच्या पाण्यानें विद्वान् नेला, पण त्याची विद्या नेतां आली नाहीं. ग्रंथाचें महत्त्व तें हेंच. परंतु ग्रंथ छापला एवढ्यानें तो जगत नाहीं. कोणीतरी तो जतन करावा लागतो, आणि ज्यास हवा असेल त्याच्या हातीं तो जावा लागतो. हीं दोन्हीं कामें करणारी संस्था म्हणजे ग्रंथालय.

अशा संस्था आपल्या महाराष्ट्रांत फार जुन्या आहेत. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालचें, नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें आणि पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें आहे. आपल्या विदर्भांत अकोल्याचें बाबूजी देशमुख वाचनालय १८६० सालीं निघालें. पुढें ठाण्यास १८९३ सालीं व मुंबईस १८९८ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालयें स्थापन झालीं. गांवोगांवचीं अशीं वाचनालयें मुख्यत्वें लोकांच्या वर्गणीवर व कार्यकर्त्यांच्या निःस्वार्थ श्रमांवर वाढलीं आहेत.

तथापि एकट्या ग्रंथालयाचें बळ तें किती? जागेचें भाडें, कपाटें, पुस्तकांची बांधणी, वाळवीचा उपद्रव, सेवकाचें वेतन, एवढें सर्व भागवून नवीन पुस्तकांस पैसा उरत नाहीं. आणि एकट्याचें गाऱ्हाणें सरकारच्या कानीं सहसा जात नाहीं. म्हणून ग्रंथालयांनीं आपले संघ स्थापन केले. अमेरिकेंत १८७६ सालीं व ब्रिटनमध्यें १८७७ सालीं असे संघ निघाले. आंध्रांत १९१४ सालीं बेझवाडा येथें, महाराष्ट्रांत १९२१ सालीं पुणें येथें, आणि सर्व भारताकरितां १९३३ सालीं कलकत्ता येथें संघ स्थापन झाले.

कायद्यांच्या बाबतींतहि प्रगति झाली. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं आणि मद्रास प्रांतानें १९४८ सालीं ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ सालीं झाला व त्याच्या कक्षेंत आपला विदर्भहि आला. मद्रासच्या कायद्यानें ग्रंथालयांकरितां स्वतंत्र कर बसविला. आपल्या कायद्यानें तसा कर बसविला नाहीं. आपल्याकडे लोकांनीं चालविलेल्या ग्रंथालयास सरकार मान्यता देतें व अनुदान देतें. अशीं मान्यताप्राप्त ग्रंथालयें राज्यांत हजारोंनीं आहेत. त्यांचे जिल्हा, विभाग व राज्य असे संघ असून, राज्य ग्रंथालय परिषदेंत त्यांचे प्रतिनिधि बसतात.

हे संघ करतात तरी काय? त्यांचीं अधिवेशनें भरतात; अहवाल व जमाखर्च वाचले जातात; अनुदान वाढावें, तें वेळेवर मिळावें, सेवकांस योग्य वेतन मिळावें, असे ठराव होतात. जिल्हा संघ नवीन सेवकांकरितां प्रशिक्षण वर्गहि चालवितात. विद्यार्थ्यांस हें सर्व रुक्ष वाटेल. परंतु थोडा विचार करा. सेवकास ग्रंथांची सूची करतां येत नसेल, तर तुम्हांस हवें असलेलें पुस्तक कपाटांत असूनहि "नाहीं" असें उत्तर मिळेल. त्याचें पोट त्या वेतनावर भरत नसेल, तर तो दुसरें काम धरील आणि वाचनालयाचें दार लवकर बंद होईल. अनुदान लांबलें, तर यंदाचीं नवीन पुस्तकें यंदा येणार नाहींत. अधिवेशनांतील रुक्ष ठरावाचा शेवट असा तुमच्या हातांतील पुस्तकांत होतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग आहेत, आणि वर्गाप्रमाणें अनुदान मिळतें. वर्ग ठरवितांना पुस्तकें किती, नियतकालिकें किती, ग्रंथालय उघडें किती वेळ असतें, हें पाहतात. तसेंच सभासद किती हेंहि पाहतात. सभासद घटले कीं ग्रंथालयाचा वर्ग धोक्यांत येतो. वर्ग उतरला कीं अनुदान उतरतें. अनुदान उतरलें कीं नवीन पुस्तकें थांबतात, आणि नवीन पुस्तकें नाहींत म्हणून उरलेला वाचकहि निघून जातो. हें दुष्टचक्र संघाच्या ठरावानें थांबत नाहीं. तें थांबविण्याचें सामर्थ्य वाचकाच्या ठायीं आहे. नोंदवहींतील तुमचें एक नांव हें त्या ग्रंथालयाचें बळ आहे.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं या शास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. त्यांचें सार असें कीं, ग्रंथ वापराकरितां आहेत. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, आणि प्रत्येक ग्रंथासहि त्याचा वाचक लाभला पाहिजे. यांतील पहिलें काम ग्रंथपाल करील; परंतु कपाटांत वाट पाहणाऱ्या ग्रंथाचा वाचक आपणांपैकींच कोणीतरी व्हावयास हवा.

कोणी म्हणेल कीं, आतां मोबाईलवर सर्व कांहीं मिळतें. माहिती मिळते हें खरें, आणि तिचा उपयोगहि करावा. पण एक विषय आरंभापासून शेवटपर्यंत धरून ठेवणें, लेखकाचें म्हणणें शांतपणें ऐकून मग आपलें मत बनविणें, ही संवय सबंध पुस्तक वाचल्यानेंच लागते. जी बुद्धि तुकड्यांवर वाढते, तिला पुढें लांबचा पल्ला झेपत नाहीं.

पालकांसहि एक विनंति आहे. क्रमिक पुस्तकाबाहेरील वाचन म्हणजे अभ्यासाची हानि, असें कृपा करून मानूं नये. वाढदिवशीं मुलास खेळणें द्यावें, पण त्याबरोबर वाचनालयाची वर्गणीहि भरावी, आणि पहिल्या दिवशीं स्वतः त्याचा हात धरून तेथें न्यावें. आपल्या नागपुरांत शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, सीताबर्डीवर राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय आहे, आणि १९२३ सालीं स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचा ग्रंथसंग्रह आहे. जे खेड्यांतून येतात त्यांनीं सुटींत आपल्या गांवचें वाचनालय शोधून काढावें; त्यास तुमची गरज अधिक आहे.

विद्यार्थ्यांनो, सभासद व्हा. महिन्यास निदान एक पुस्तक समग्र वाचा व त्यांतील चार ओळींचें टिपण ठेवा. पानें दुमडूं नका, समासांत लिहूं नका, आणि पुस्तक मुदतींत परत करा. कारण तुमच्या मागें दुसरा वाचक तिष्ठत असतो. हिस्लॉपसाहेबांचे कागद टेंपलसाहेबांनीं सांभाळले म्हणून ते आपणांपर्यंत पोंचले. पुढच्या पिढीकरितां सांभाळण्याची पाळी आतां आपली आहे, आणि तिचा आरंभ नोंदवहींत नांव लिहिण्यापासून होतो.