मेजरांच्या सत्काराबद्दल

लातूर

चि. बाळास,


तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला बॅनरचा नमुना बघितला. फोनवर बोलायला बसलो तर तू "हो मामा, हो मामा" म्हणून मोकळा होशील, म्हणून मुद्दाम लिहितोय. मंडळाच्या पोरांना मेजरांचा सत्कार करावासा वाटला, याचा मला खरंच आनंद झाला. पण बॅनरवर शुभेच्छुकांचे फोटो दोन रांगा भरून, आणि ज्यांचा सत्कार आहे ते खालच्या कोपऱ्यात, आधारकार्डावरच्या फोटोएवढे! मागे बर्फाचा डोंगर आणि वरून जाणारं लढाऊ विमान. अरे, तो माणूस लढला श्रीलंकेतल्या जाफन्यात. तिथे ताडाची झाडं, तांबडी माती, खाडीचं पाणी आणि अंगाची लाही करणारा उकाडा. बर्फ कुठून आणलास?

दुसरं, हुद्दा. आपल्या गावात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, ते प्रेमाचं आहे, चालू दे. पण छापील कागदावर हवालदार म्हणजे हवालदारच. व्यासपीठावर जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी बसतील, ते स्वतः फौजेतले. त्यांच्यादेखत न मिळवलेला हुद्दा मिरवायला लागला तर मेजर मान खाली घालतील. त्यांच्याकडे डिस्चार्ज बुक आहे. ते मागून घे, पलटण, भरतीची तारीख, पदकं सगळं त्यात सापडेल. विदेश सेवा पदकाची नोंद आहे का, तेही बघ. निळ्या फितीवर पांढऱ्या रेघा असलेलं ते पदक बहुतेक कुठल्यातरी ट्रंकेत पडलेलं असेल.

आता तुझ्या मंडळातल्या त्या पोराचा प्रश्न. "श्रीलंकेत आपण जिंकलो कुठं, मग सत्कार कशाचा?" तू त्याला गप्प बसवलंस म्हणतोस. गप्प बसवायला नको होतं. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर तुला यायला हवं.

29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. आपली फौज तिकडे गेली ती शांतिसेना म्हणून. तमिळ वाघांनी हत्यारं खाली ठेवायची आणि आपण देखरेख करायची, असं ठरलं होतं. दोन-अडीच महिन्यांत सगळं उलटं झालं. ऑक्टोबरात 'ऑपरेशन पवन' सुरू झालं आणि ज्यांचं रक्षण करायला गेलो त्यांच्याच गल्ल्यांमधून आपल्या पोरांवर गोळ्या यायला लागल्या. समोर गणवेशातला शत्रू नाही, रस्त्याखाली सुरुंग पुरलेले. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन, महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे, 25 नोव्हेंबर 1987 ला शोधमोहिमेवरून परतताना घेरले गेले. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची बंदूक हिसकावून त्याला टिपलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत हुकूम देत राहिले. त्या मोहिमेतलं ते एकमेव परमवीर चक्र. बाराशेच्या आसपास जवान तिकडेच राहिले. मार्च 1990 मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रासला उतरल्या, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांच्या बाजूने त्यांचं कारण होतं, श्रीलंकेतल्या तमिळांवर अत्याचार झाले असं ते म्हणत. पण जहाजातून उतरणाऱ्या शिपायाला त्या वेळी काय वाटलं असेल?

फौज पाठवायची की नाही, हे दिल्लीत ठरलं. चुकलं असेल तर दिल्लीला विचारा, पुस्तकं लिहा, वाद घाला. कंधार तालुक्यातला विशीतला पोरगा हुकूम आल्यावर गेला, सोबत्यांना टाकून पळाला नाही, आणि परत आल्यावर निमूटपणे औताला लागला. मोहिमेचा निकाल आणि शिपायाचा मान यांची सांगड घालायची नाही. ज्या श्रीलंकेत आपल्या फौजेबद्दल दोन्ही बाजूंनी कडवट बोललं गेलं, तिथेही कोलंबोजवळ संसदेच्या परिसरात या जवानांचं स्मारक उभं आहे. मार्च 2015 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. त्या पोराला हे सांग, त्याला पटेल.

रायगडच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे आठवतात का? मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा बावीस वर्षांचा गडी 10 जुलै 1944 ला इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकटा धावून गेला, कारण त्याच्या तुकडीत उभं राहिलेलं दुसरं कोणी उरलंच नव्हतं. ठाणं घेतलं आणि तिथेच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्ध इंग्रजांचं, आपण तेव्हा गुलाम. तरी 2023 साली मोंतोने या इटलीतल्या गावाने त्याच्या नावाने सूर्यघडीचं स्मारक उभारलं. एकोणऐंशी वर्षांनी! परक्या गावाला जमलं ते.

आपल्या मराठवाड्याचं या बाबतीत जरा विचित्रच आहे. सातारा-रत्नागिरीकडे पहिल्या महायुद्धाला गावातून किती गेले, किती परतले नाहीत, याच्या दगडी पाट्या आहेत. आपण निजामाच्या राज्यात. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या पुतळ्यांपैकी एक हैदराबादच्या स्वाराचा आहे, पॅलेस्टाइनमध्ये लढलेल्या. पण आसपासच्या गावांत तशी एक पाटी मला आजवर दिसलेली नाही. रझाकारांशी लढलेल्यांची आठवण आपण ठेवली, ठेवायलाच हवी होती. परमुलखात गेलेल्या शिपायांचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

आणि सत्कारासाठी 17 सप्टेंबरचा हट्ट सोड. तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा, त्याच्या पंगतीत दुसरं पान मांडू नको. शिवाय तेव्हा पाऊस असतो, मूग-उडदाची काढणी असते, पुढे लगेच सोयाबीन. 7 डिसेंबर धर, सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. माणसं मोकळी असतात आणि मंडपही भिजत नाही.

त्याआधी त्यांच्या घरी जाऊन बस. मोबाइल चालू ठेव, पण विचारून. किती मारले, हे विचारायचं नाही. हा प्रश्न गावातली पोरं हमखास विचारतात आणि तो ऐकला की फौजी माणूस गप्प होतो. जेवायला काय मिळायचं, पत्र किती दिवसांनी यायचं, सोबतचे कोण कुठले होते, हे विचार. सोबत्यांपैकी जे परतले नाहीत त्यांची नावं ते सांगतील तशी लिहून घे आणि कार्यक्रमात वाच. नाही बोलले तर चहा पिऊन परत ये, पुन्हा जा. काकूंनाही विचार. पाकिटावर 56 एपीओ एवढाच पत्ता, नवरा नक्की कुठे आहे ठाऊक नाही, आणि पदरात लेकरं, शेत, सासू. शाल मेजरांना देणार असशील तर खुर्ची दोघांना हवी. फटाके आणि डीजे अजिबात नको, याचं कारण तुला सांगायला लागू नये. आमदार साहेब उशिरा येणार असतील तर येऊ देत, शाळेची लेकरं उन्हात ताटकळत ठेवायची नाहीत. सत्कार वेळेवर सुरू कर आणि मेजरांना आधी बोलू दे. भाषणं मागून.

आणि एक, याला शाल-नारळापेक्षा मी जास्त किंमत देतो. माजी सैनिकाच्या एका घराची घरपट्टी माफ करायचा निर्णय राज्य सरकारने ग्रामपंचायतींसाठी 2020 मध्ये घेतला. मेजर अजून भरतात, असं तुझी आई म्हणत होती. स्वतःहून ते कधी मागणार नाहीत. ग्रामसेवकाकडे जा, कोणते कागद लागतात ते विचार, अर्ज तू लिही आणि मेजरांची फक्त सही घे. नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं कामही मंडळातल्या एखाद्या पोराने स्पर्शच्या पोर्टलवर करून द्यावं. त्यांचे अंगठ्याचे ठसे आता मशीनवर उमटत नाहीत, दरवर्षी त्यांना नांदेडला खेटे घालावे लागतात.

बॅनर पुन्हा करून पाठव, छापायच्या आधी. घरपट्टीचं काय झालं तेही कळव. ग्रामसेवक टाळाटाळ करायला लागला तर मी पुढच्या आठवड्यात गावी येतोच आहे, दोघं मिळून जाऊ.

तुझा,
मामा