‘वेगळे करणे’ म्हणजे नेमके काय करणे?

विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकांत ‘सेपरेट’ हे क्रियापद वारंवार भेटते. ते लॅटिन भाषेतून आले आहे. त्यातील ‘से’ म्हणजे दूर आणि ‘पारारे’ म्हणजे तयार करणे. इंग्रजीत या शब्दाचा संसार मोठा आहे. स्वतंत्र खोली सेपरेट, विभक्त राहणारे पती-पत्नी सेपरेट आणि दुधातून साय काढणारे यंत्र सेपरेटर! मराठीत आपण त्यासाठी ‘वेगळे करणे’ असे लिहितो आणि उत्तरपत्रिकेत तेवढ्यावर मोकळे होतो. परंतु हा शब्द केवळ परिणाम सांगतो. तो कशामुळे घडला, हे सांगत नाही.

आता इंदापूर तालुक्यातील अंथुर्ण्यासारख्या गावातले रोजचे शब्द पाहा. उफणणे, चाळणे, निवडणे, रोळणे, गाळणे, निवळणे, घुसळणे. या प्रत्येक शब्दात पदार्थाचा एकेक गुणधर्म दडलेला आहे.

ज्वारीची रास उफणताना माणूस उंच तिवईवर उभा राहून सुपातून धान्य सोडतो. समजा, ते २ मीटर उंचीवरून पडते आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटर आहे. टपोरा दाणा सुमारे ०.६४ सेकंदात खाली येतो. तेवढ्या वेळात वारा त्याला जेमतेम वीतभर सरकवतो. फोलपटाला मात्र हवेचा विरोध लगेच जाणवतो आणि ते सेकंदाला सुमारे १ मीटर अशा संथ वेगाने उतरते. त्याला २ सेकंद लागतात, म्हणून ते सुमारे ६ मीटर दूर जाऊन पडते. येथे कामी आला तो वजन आणि हवेचा विरोध यांच्या प्रमाणातील फरक. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले. दोन्ही बरोबरच खाली पडले. म्हणजे चंद्रावर धान्य उफणता येणार नाही! आज मळणी यंत्र आले, तरी त्यात पंखा असतोच. वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही, एवढेच.

चाळण आकार ओळखते, वजन ओळखत नाही. म्हणून दाण्याएवढा खडा चाळून निघत नाही. असे खडे तांदळात असतील तर तांदूळ पाण्यात रोळतात. खडा घनतेने जड, तो तळाशी राहतो. गढूळ पाणी निवळते तेही घनतेमुळेच. मात्र अतिसूक्ष्म कण फार सावकाश खाली बसतात. तुरटी फिरवली की ते एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि लवकर बसतात.

अंथुर्ण्याजवळ भवानीनगरला साखर कारखाना आहे. साखर कारखान्यात यांतील बरीच क्रियापदे एकामागून एक भेटतात. ऊस पिळून रस काढतात, त्यात चुना घालून तो निवळू देतात, खाली बसलेला गाळ गाळून घेतात, रस आटवून स्फटिक पाडतात. शेवटी स्फटिक आणि दाट मळी यांचा लगदा उरतो. तो साध्या गाळणीत घातला तर मळी फारच रेंगाळत गळेल. म्हणून जाळीदार पिंप वेगाने फिरवतात. समजा, पिंपाची त्रिज्या ०.६ मीटर आहे आणि ते मिनिटाला १२०० फेरे घेते. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, हे गणित करून पाहा. उत्तर गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ९६७ पट येईल! मळी जाळीबाहेर फेकली जाते, साखर आत राहते. हेही गाळणेच, फक्त फार मोठ्या जोराने केलेले.

यावरून एक नियम हाती येतो. मिश्रण पुढे आले की ‘कसे वेगळे करू?’ असे विचारण्याआधी ‘या दोहोंत कोणता गुणधर्म वेगळा आहे?’ असे विचारावे. फरक सापडला की रीत आपोआप सुचते.

फरक ओळखला नाही तर काय होते, याचे दुःखद उदाहरण आहे. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखेच बारीक आणि काळसर असते. चाळून किंवा पाखडून ते नीट निघत नाही. त्याचे तेल विषारी असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात हे तेल मिसळले गेले आणि साठांहून अधिक माणसे दगावली. भिंगातून पाहिले तर मोहरीचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत दिसतो, धोत्र्याच्या बीवर मात्र जाळीसारखी नक्षी असते. फरक होता, पण तो आकारात वा वजनात नव्हता. तेथे उपयोगी पडणारे क्रियापद एकच: निवडणे. आणि तेही घाण्यात पडण्यापूर्वी. कारण तेल एकदा मिसळले की कोणतेही सूप, कोणतीही चाळण उपयोगाची नाही.

विद्यार्थी मित्रहो, आता हे करून पाहा. लोखंडाचा कीस, कोरडी वाळू, मीठ आणि लाकडाचा भुसा एकत्र करा. चुंबक, पाणी, फडके आणि ऊन एवढ्या साधनांनी चारही पदार्थ परत मिळवा. प्रत्येक पायरीपुढे क्रियापद लिहा आणि त्याच्यासमोर गुणधर्म. चुंबक आधी फिरवायचा की पाणी आधी घालायचे? क्रम बदलला तर कोणती अडचण येते, तेही वहीत नोंदवा.