पोस्टग्रेस सांभाळणाऱ्या पोरीला कानमंत्र

सर्व्हर आता तुझ्या हाती आलाय, म्हणून कामाच्या चार गोष्टी सांगून ठेवते.

ऑटोव्हॅक्यूम बंद करू नकोस. पोस्टग्रेसमध्ये ओळ अपडेट झाली की जुनी ओळ मरून तिथेच पडते. ती जागा मोकळी करायचं काम याचंच. सर्व्हर मंदावला की सगळे आधी त्याच्यावर घसरतात. पण बंद केलं, तरी टेबलाचं वय 20 कोटी ट्रान्झॅक्शनच्या पुढे गेलं की ते सक्तीनं सुरू होतं, मग भले भर दुपारची गर्दी असो.

मोठ्या टेबलाला वेगळा नियम लाव. व्हॅक्यूम स्केल फॅक्टर मुळात 0.2 असतो. म्हणजे 10 कोटी ओळींच्या टेबलात 2 कोटी ओळी मेल्यावर सफाईला सुरुवात. सगळ्या सर्व्हरला हात न लावता ऑल्टर टेबल करून त्या एका टेबलापुरता तो 0.02 कर. मग 20 लाखांवरच काम सुरू होईल.

सफाई मागे पडतेय म्हणून नुसते ऑटोव्हॅक्यूमचे वर्कर वाढवू नकोस. कॉस्ट लिमिट मुळात 200, आणि ती सगळ्या वर्करांत वाटली जाते. तिनाचे सहा केलेस तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मीच येणार. आधी लिमिट वाढव, तीही डिस्कला झेपेल तशी, टप्प्याटप्प्यानं.

मेंटेनन्स वर्क मेम मुळात 64 एमबी. मोठा इंडेक्स बांधायचा असेल तर तुझ्या सेशनपुरती वाढव. कायमची 1 जीबी करून ठेवलीस, तर ऑटोव्हॅक्यूमचे तीन वर्कर मिळून 3 जीबीपर्यंत जाऊ शकतात. म्हणून ऑटोव्हॅक्यूम वर्क मेमचा आकडा वेगळा घाल.

व्हॅक्यूम होऊनही मृत ओळी हटत नसतील, तर सेटिंग चाळवण्याआधी पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी बघ. कुणीतरी अपडेट करून कमिट न करताच जेवायला गेलेलं असतं. ते सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असं दिसतं. ते उघडं आहे तोवर त्यानंतर मेलेल्या ओळी व्हॅक्यूमला उचलता येत नाहीत. अशा सेशनसाठी टाइमआउट असतो, पण तो मुळात बंद असतो. चालू करून घे.

व्हॅक्यूम फुल रोजच्या कामात नको. ते पूर्ण टेबल कुलूपबंद करतं, साधा सिलेक्टसुद्धा अडकतो.

एका वेळी एकच सेटिंग बदल, आणि आधीचे-नंतरचे आकडे टिपून ठेव. ऑल्टर सिस्टिमनं केलेला बदल ऑटो डॉट कॉन्फमध्ये जातो आणि मूळ फाइलवर मात करतो. पुढचा माणूस मूळ फाइलच बदलत बसतो आणि परिणाम शून्य. म्हणून काय बदललं, का बदललं, कुठे बदललं, ते तारखेसकट लिहून ठेव. रात्री-अपरात्री ज्याला फोन जाईल, त्याला ती नोंद पहिल्या झटक्यात सापडली पाहिजे.