हायडीचे आजोबा आणि त्यांचा गोतावळा

नदीत कुऱ्हाड पडलेल्या लाकूडतोड्याची गोष्ट तुम्ही सर्वांनी ऐकलेली आहे. आज ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे तेही लाकडात हात बसलेले गृहस्थ आहेत; मात्र त्यांच्यावर कोणतीही देवता प्रसन्न झालेली नाही, आणि स्वभाव तर फणसासारखा काटेरी. योहान्ना स्पिरी या स्विस लेखिकेने १८८० व १८८१ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ‘हायडी’ या कथेतील हे आजोबा.

तारुण्यात दारू व जुगार यांपायी त्यांनी वडिलांची शेतीवाडी घालविली आणि त्या दुःखाने आईबाप गेले. पुढे मुलगा टोबियास सुतार झाला. पण घर बांधताना अंगावर तुळई पडून तो मरण पावला, आणि काही आठवड्यांत सूनही गेली. डॉर्फ्ली गावाने हे बापाच्या पापाचे फळ ठरविले. मग आजोबांनी गाव सोडला व वर डोंगरावर एकट्याने बिऱ्हाड केले. गंमत अशी की, कोणा पणजीच्या दूरच्या नात्यावरून सारा गाव त्यांना ‘आल्म-ओही’, म्हणजे डोंगरावरचा काका, असेच म्हणतो. संबोधन आप्ताचे; परंतु दारात पाऊल टाकावयास कोणी तयार नाही!

सुनेची बहीण डेटे पाच वर्षांच्या हायडीला त्यांच्या पदरात टाकून जाते. आजोबा तिला गोड शब्दाने जवळ घेत नाहीत. ते फळी घेतात, तिला भोके पाडतात, पाय ठोकतात, आणि पोरीला टेबलाशी बसता येईल असे उंच स्टूल तयार होते. माझ्या मते या माणसाची माया वाचावयाची ती अशी, लाकडावर.

पीटरच्या आंधळ्या आजीची झोपडी वाऱ्याने खडखडते, हे हायडीकडून कळताच ते हातोडी व खिळे घेऊन जातात. पीटरची आई आभार मानू लागते, तेव्हा ‘माझ्याविषयी तुमचे मत मला ठाऊक आहे’ अशा अर्थाचे काहीतरी गुरगुरून ते तिला आत पाठवितात आणि ठोकाठोक चालू ठेवतात. पुढे डेटे हायडीला फ्रांकफुर्टला घेऊन जाते, आणि आजोबा पूर्वीपेक्षाही उग्र होतात. तेव्हा त्यांच्या चांगुलपणाची साक्ष देते ती एकटी आंधळी आजीच; पण दिसत नसल्यामुळे तिचीच समजूत चुकली असेल, असे गाव म्हणतो. डोळस माणसांवर लेखिकेने येथे केवढा मार्मिक टोला दिला आहे!

हायडी परतते ती आजीसाठी पांढऱ्या पावाचा ध्यास घेऊन. दारी पदेराचे मऊ उंडे येणाऱ्या आपल्याला, दात गेलेल्या म्हातारीपुढील तो कडक काळा पाव ध्यानात घ्यावा लागेल.

तरीही सारेच हातोडीने जुळत नाही. हायडीने वाचून दाखविलेली, बापाकडे परतणाऱ्या उधळ्या मुलाची गोष्ट ऐकून आजोबा दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये जातात व पाद्रीसाहेबांची क्षमा मागतात. ज्या पाद्रीसाहेबांना ‘पोरीला शाळेत धाडणार नाही’ म्हणून त्यांनी परत पाठविले होते, तेच हे! मग हायडीच्या शाळेसाठी हिवाळ्यात ते गावातील एक पडके घर भाड्याने घेतात. त्याची डागडुजी अर्थातच स्वतः करतात.

हायडीची मैत्रीण क्लारा डोंगरावर येते, तेव्हा तिला सकस दूध मिळावे म्हणून ते शेळीसाठी निवडक वनस्पती हिंडून गोळा करतात. अखेरीस फ्रांकफुर्टचे डॉक्टर, आपल्यामागे हायडीचे कसे होईल ही त्यांची चिंता ओळखून, तिला मुलीप्रमाणे सांभाळण्याचे वचन देतात. आजोबा काहीच बोलत नाहीत; बराच वेळ त्यांचा हात दाबून धरतात.