बैलगाड्याचा घाट

'घाट' हा शब्द कानी पडला म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? कोणाला नदीकाठच्या दगडी पायऱ्या आठवतील, तर कोणाला सह्याद्रीतून कोकणात उतरणारी नागमोडी वाट. परंतु पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव किंवा खेड तालुक्यातील एखाद्या मुलापुढे हा शब्द उच्चारून पाहा. तो लगेच विचारील, "कुठल्या गावचा? बैल कोणाचे?" त्याच्या लेखी घाट म्हणजे बैलगाडे पळविण्याची मातीची धावपट्टी. गाडी नव्हे हं, गाडा! त्या मुलखात शर्यतीच्या गाडीला गाडी म्हटलेले कोणाला रुचत नाही.

श्रीरामपूरहून हा मुलूख फार दूर नाही. लोणी, संगमनेर, आळेफाटा अशी वाट धरली, की जमीन हळूहळू रूप पालटू लागते. आपल्याकडची जमीन सपाट, काळी आणि प्रवरेच्या कालव्यांनी भिजलेली. ती उसाला मानवते. पण धावपट्टीला ती कामाची नाही. पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पलीकडे मात्र माळ लागतात, टेकड्या लागतात, आणि पायांखाली मुरूम वाजू लागतो. अशाच एखाद्या टेकडीच्या उतारावर सरळ पट्टा आखलेला असतो. त्यातील दगडगोटे वेचून काढतात, मुरूम पसरतात, पाणी शिंपडून तो दाबून घेतात. झाला घाट तयार! त्याला भिंत नाही, छप्पर नाही. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर माणसे बसतात, तेच त्याचे प्रेक्षागृह.

गाडे खालून वर का पळवितात, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. उतारावर गाडा मागून बैलांच्या अंगावर लोटला जाईल. चढावर तसे होत नाही. शिवाय वर पोचता पोचता वेग आपोआप मंदावतो. ज्यांनी ही रीत पाडली, त्यांनी पदार्थविज्ञानाचे पुस्तक वाचले नव्हते; पण बैल आणि चढ या दोहोंशी त्यांचा रोजचा संबंध होता.

एका गाड्याला चार बैल असतात. दोन गाड्याला जुंपलेले आणि दोन त्यांच्या पुढे. सर्वांच्या पुढे एक स्वार घोडी फेकतो. गाड्यावर हाकणारा कोणी नसतो! खालच्या टोकाला माणसे बैलांना धरून उभी असतात. इशारा होताच ती बाजूला होतात, आणि निवेदकाची 'भिर्रर्र' अशी आरोळी उठते न उठते तोच धुळीचा एक लोट वर निघून गेलेला असतो. या एका धावेला 'बारी' म्हणतात. एका वेळी एकच गाडा धावतो. त्याची चुरस शेजारच्या गाड्याशी नसून घड्याळाशी असते. साऱ्या बारीला बारातेरा सेकंद पुरतात. ज्याचा वेळ सर्वांत कमी, तो त्या दिवशीचा 'घाटाचा राजा'. एवढ्याशा राज्यासाठी शेतकरी वर्षभर बैलांना आपल्या ताटातला घास काढून देतो, हे पाहुण्याला खरे वाटत नाही.

हे सारे घडते ते बहुधा गावच्या यात्रेत. खेड तालुक्यातील निमगावच्या खंडोबाचा घाट असाच प्रसिद्ध आहे. देवापुढे गाडा पळविण्याचा नवस बोलण्याची चालही तिकडे जुनी आहे. विदर्भात याच खेळाला 'शंकरपट' म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट नावाजलेला आहे. साताऱ्या-सांगलीकडे सपाट मैदानावर छकडी पळतात, आणि तेथे हाकणारा छकडीवर असतो.

बैलांच्या शर्यतीची हौस किती जुनी असेल? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मुद्गल आणि मुद्गलानी यांचे एक सूक्त आहे. त्यात रथाला बैल जोडलेला आहे, आणि रथ हाकणारी आहे मुद्गलानी! तिकडे युरोपात रोम शहरी रथांच्या शर्यतींसाठी सुमारे ६०० मीटर लांबीचे विस्तीर्ण मैदान होते. आज तेथे गवत वाढले आहे आणि लोक फिरावयास जातात. मातीच्या धावपट्टीचे हे असेच असते. किल्ला पडला तरी त्याचे चिरे उरतात. धावपट्टीवरून धावणे थांबले, की एका पावसाळ्यात तिला ओघळ पडतात, दुसऱ्यात गवत येते, आणि पुढे ती ओळखू येणेही कठीण होते.

आपल्या घाटांवरही तशी वेळ आली. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत अशांच्या यादीत बैलाचे नाव घातले. त्यानंतर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घातली. घाट मुके झाले.

न्यायालयाने हे का केले? बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे शर्यतीसाठी झालेली नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. शिवाय त्याने धावावे म्हणून काही लोक त्याची शेपूट पिरगाळीत, त्याला चाबकाने मारीत, पराणी टोचीत. हे होत होते, हे मान्य केले पाहिजे. बैलाला ओरडून सांगता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी बोलणे प्राप्तच होते.

शेतकऱ्याचे म्हणणे निराळे होते. शेतीची कामे ट्रॅक्टरने घेतली. आता शर्यतही गेली, तर चपळ खिल्लार बैल पोसावा कोणी आणि कशासाठी? मारणाऱ्याला शिक्षा करा, पण पोटच्या पोराप्रमाणे बैल सांभाळणाऱ्याचा घाट का बंद करता, असे तो विचारी. दोन्ही बाजूंना बैलाविषयी कळवळा होता. म्हणूनच हा वाद इतका अवघड झाला, असे मला वाटते.

महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. परंतु उच्च न्यायालयाने शर्यतींना स्थगिती दिली आणि घाट मुकेच राहिले. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. बंदी साडेसात वर्षांहून थोडी अधिक टिकली. तिला कोणी साडेसाती म्हटले असेल, तर नवल नाही! १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने महाराष्ट्राचा दुरुस्त कायदा वैध ठरविला.

आता शर्यतीसाठी आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. पशुवैद्य बैलांची तपासणी करतात. चाबूक, काठी, पराणी यांना घाटात मज्जाव आहे. यात्रा संपली, की गाडे आपापल्या गावी जातात, आणि मुरुमावर चाकांच्या व खुरांच्या खुणा तेवढ्या राहतात. दुसऱ्या दिवशी तेथे शेळ्या चरताना दिसतात.