बाळंतिणीचा खुराक

कॉर्नफ्लॉवरचा निळा रंग मी पहिल्यांदा बियांच्या पाकिटावर पाहिला आणि तिथेच भुलले. गोकर्ण सोडली तर इतकं निळं फूल आपल्या बागेत असतं कुठे?

पुण्यात आमच्या घरामागे एक लहानसा वाफा आहे. पाऊस म्हणजे पेरणी, एवढंच माझं शेतीचं ज्ञान. त्याला जागून जुलैत बी टाकलं. उगवलेली चार रोपं आठवड्यात बुडाशी कुजली. पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर ट्रेमध्ये बी नुसतं वर भुरभुरवलं. या बियांना उगवायला अंधार लागतो, हे कुणाला ठाऊक? जी वर आली ती बोटभर झाल्यावर उपटून वाफ्यात लावली. याचं मूळ सोटमूळ, दुखावलं की रोप बसतं. निम्मी गेली. उरलेल्यांवर माझी माया उतू गेली: तीन घमेली शेणखत, वर निंबोळी पेंड, रोज पाणी. रोपं कमरेएवढी झाली आणि फेब्रुवारीत एका वाऱ्याच्या रात्री सगळी आडवी पडली. फुलं मोजून अकरा. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, “काय गं, चारा लावलायस का?”

मग हे झाड मुळात कुठलं, ते शोधलं. युरोपातल्या धान्याच्या शेतांमधलं हे तण! नावातला ‘कॉर्न’ मक्याचा नव्हे, गव्हासारख्या धान्याचा. पुढे तणनाशकं आली, बियाणं चाळून स्वच्छ होऊ लागलं, तसं ते तिथल्या शेतांतूनही हटत गेलं. गव्हाच्या दाटीत, मिळेल त्यावर वाढणाऱ्या या रोपाला मी बाळंतिणीचा खुराक चारत होते.

तिसऱ्या वर्षी गव्हाचंच वेळापत्रक धरलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, रात्री गार होऊ लागल्यावर, भरपूर उन्हाच्या जागी थेट वाफ्यात बी पेरलं. एक सेंटीमीटर खोल, वरून माती ओढून हलकेच दाबलेली. खत अजिबात नाही. दहा दिवसांत कोंब दिसले. नंतर विरळणी, दोन रोपांत वीतभर अंतर. इथे जीव तुटतो, पण करावीच लागते. आणि नकोशी रोपं उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजारच्याचं मूळ हलत नाही. पाणी वरची माती सुकल्यावरच.

जानेवारीच्या अखेरीस पहिलं फूल आलं. फुलं खुडत राहा. देठावरच सुकू दिलीत, तर रोप बी धरतं आणि आवरतं घेतं. मार्चच्या उन्हात तसंही आटोपतंच. तेव्हा शेवटची पाच-सहा बोंडं मात्र राखा. बी गमतीदार असतं, टोकाला केसांचा झुपका, जणू दाढीचा इवलासा ब्रश.

माझं बी औषधाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवलं आहे. उरलेलं शेणखत यंदा वांग्यांना घातलं.